वहीचं शेवटचं पान

जूनमध्ये नव्या वहीच्या पहिल्या पानावर मुलं नाव, इयत्ता, तुकडी लिहितात. यंदा त्याच वहीचं शेवटचं पान राखून ठेवायला सांगा. तिथे मुलानं स्वतः ठरवलेलं एकच उद्दिष्ट लिहावं. ‘हुशार होईन’ असं मोघम नको, ‘दिवाळीपर्यंत १३ चा पाढा न अडखळता म्हणेन’ असं, त्याचं त्यालाच तपासता येईल असं. दर शनिवारी खाली दोन ओळी : काय जमलं, कुठे अडलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनालाही जागा दिली आहे. पण वर्षअखेरीस घाईनं रकाना भरून ते साधणार नाही. उद्दिष्ट झेपलं नाही तर ते बदलण्याची मुभाही मुलाला हवी; मला तर तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. शिक्षकहो, त्या पानावर लाल शाई कृपया वापरू नका.