वृत्त ओळखलं, कविता राहिली

पेपरात दोन ओळी दिल्या की मुलं भराभर लघु-गुरूच्या खुणा करतात, ‘यमाताराजभानसलगं’ पुटपुटत गण पाडतात आणि वृत्ताचं नाव लिहून मोकळी होतात. गुण पूर्ण. कॉलेजात मराठी शिकवताना आणि असे पेपर तपासताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

‘मेघदूत’ घ्या. सबंध काव्य मंदाक्रांतेत. म, भ, न, त, त आणि शेवटी दोन गुरू, अक्षरं 17. इथवर सगळे येतात. आता तीच ओळ मोठ्यानं म्हणा. पहिली चारही अक्षरं गुरू, सावकाश, मग यती, म्हणजे विराम. पुढे सलग पाच लघू, नुसती धावाधाव, आणि एका गुरूवर पुन्हा यती. उरलेली सात अक्षरं हेलकावे घेत लांबतात. वर्षभरासाठी बायकोपासून तुटलेला यक्ष असाच बोलणार: आवरून धरलेलं मन, मध्येच सुटलेला धीर, मग लांबलेला उसासा. अंत्ययमक नाही, तरी शंभराहून अधिक श्लोक त्याच चालीत येतात आणि विरह सरत नाही हे कानालाच कळतं. अभ्यासक वा. वि. मिराशींनी जी यक्षाची रामगिरी मानली, त्या रामटेकच्या टेकडीवर मी मुलांकडून हे श्लोक म्हणवून घेते. यती कुठे, हे तिथे कुणी विचारत नाही.

गझलेत हे काम रदीफ, म्हणजे शेवटी तसाच परत येणारा शब्द, करतो. ‘येणार नाही’, ‘मागणार नाही’, ‘विसरणार नाही’ असे शेवट घ्या. ‘नाही’ तिन्हीकडे तोच. पण पहिला रुसतो, दुसरा ताठ उभा राहतो, तिसरा शब्द देतो. त्याआधीचा यमकाचा शब्द बदलला की नकाराचा सूरच पालटतो. ‘रदीफ : नाही’ एवढं लिहून हे हाती लागेल का?

चिरफाड केली की कविता मरते, असं म्हणणारेही भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. ‘छंदोरचना’सारखा जाडजूड शास्त्रग्रंथ लिहिणाऱ्या माधव जूलियनांनीच ‘विरहतरंग’ हे प्रेमकाव्य लिहिलं. मात्रा मोजणारा माणूस प्रेमाला पारखा होत नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वृत्ताच्या नावाला एक गुण ठेवा आणि ते वृत्त त्या कवितेत काय करतं, याला चार द्या.