लेझर कुणाच्या हाती, रापी कुणाच्या हाती?

आर्किटेक्चरच्या महाविद्यालयांत सध्या दोन शब्दांचा मोठा गाजावाजा आहे: डिजिटल फॅब्रिकेशन आणि कॉम्प्युटेशनल डिझाइन. आमच्या अनेक तरुणांना हे शब्द परके वाटतात. चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना ते श्रीमंतांचे चोचले वाटतात. दोघांनाही आमचे सांगणे आहे की हा विषय आपला आहे. तो आपण हातात घेतला नाही, तर येत्या वीस वर्षांत जातीच्या भिंतीवर आणखी एक मजला चढलेला असेल.

आधी शब्दांचा अर्थ समजून घेऊ. कॉम्प्युटेशनल डिझाइन म्हणजे इमारतीचे चित्र रेघेरेघेने न काढता तिचे नियम संगणकाला सांगणे. दोन खांबांत अंतर किती, खिडकीतून ऊन किती यावे, छपराचा उतार किती. एक आकडा बदलला की सगळा आराखडा आपोआप बदलतो. डिजिटल फॅब्रिकेशन म्हणजे हाच आराखडा थेट यंत्राकडे पाठवणे. लेझर कटर प्लायवूड कापतो, सीएनसी राउटर लाकूड कोरतो, थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकचे किंवा काँक्रीटचे थर एकावर एक चढवतो. थोडक्यात, ज्याने विचार केला त्यालाच वस्तू घडवता येते आणि जो घडवतो त्यालाच विचारही करावा लागतो.

अमेरिकेत ही सोयीची गोष्ट असेल. भारतात हे बंड आहे. इथे हजारो वर्षे डोक्याचे काम करणारे वेगळे आणि हाताचे काम करणारे वेगळे ठेवले गेले. डोकेवाल्यांना मान मिळाला, हातवाल्यांना विटाळ मिळाला. जात कामांची सोय लावत नाही, ती माणसांनाच एकाखाली एक रचून बंदिस्त करते, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलन'मध्ये उलगडून दाखवले. वाडे, घाट, मंदिरे बांधणाऱ्या पाथरवटाचे, गवंड्याचे, वडाराचे नाव कुठल्या पाटीवर आहे? पाटीवर बांधवून घेणाऱ्याचे नाव असते. म्हणून डोके आणि हात एकत्र आणणारे प्रत्येक साधन आम्हाला जातिअंताचे साधन वाटते. अट एकच: ते आपल्या हाती आले पाहिजे.

या तंत्रज्ञानाचा इतिहास पाहिला तर ते आपल्या दारापर्यंत आले होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत नील गर्शनफेल्ड यांनी 1998 साली जवळजवळ काहीही घडवायला शिकवणारा एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून फॅब लॅबची कल्पना निघाली. एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब 2002 साली कुठे उभी राहिली? लंडनला नाही, टोकियोला नाही. ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात उभी राहिली. शाळेत न रमलेली, शाळा सुटलेली ग्रामीण मुले तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती हाताने करत शिकत होती. त्यांच्या शेजारी ही यंत्रे आली.

दुसरे उदाहरण बॉस्टनचे आहे. मेल किंग हे तिथले कृष्णवर्णीय कार्यकर्ते. 1968 साली शहर सुधारणेच्या नावाखाली गरिबांची घरे पाडून तिथे गाड्यांचा तळ केला गेला. त्या जागेवर तंबू ठोकून लोकांनी जे आंदोलन केले, त्याच्या आघाडीवर किंग होते. पुढे 1983 साली ते महापौरपदाच्या अंतिम लढतीत पोहोचणारे बॉस्टनचे पहिले कृष्णवर्णीय उमेदवार ठरले. तंबूंच्या त्या जागेवर 1988 साली घरे उभी राहिली. त्या वसाहतीचे नावच टेंट सिटी. तिथेच किंग यांनी तंत्रज्ञान केंद्र चालवले आणि अमेरिकेतल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक तिथे आली. वस्तीतली मोठी मुले आधी स्वतः शिकत आणि मग लहान मुलांना शिकवत. घरासाठी लढलेल्या माणसाने यंत्राला आपले मानले, ही गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावी.

आज जगात दोन हजारांहून अधिक फॅब लॅब आहेत. मग आपल्या राज्यात हे ज्ञान कुणाकडे गेले? उत्तरासाठी केंद्र सरकारच्या दोन योजना शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पहिली, अटल टिंकरिंग लॅब. 2016 साली नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली ती सुरू झाली. निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपये, त्यात थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्स, सेन्सर. सहावी ते बारावीच्या मुलांनी नवे काही शोधावे हा हेतू. पण जागा, वीज, इंटरनेट, संगणक आधीपासून असलेल्या शाळाच या स्पर्धेत टिकतात. खासगी शाळांनाही ती मिळाली.

दुसरी, पीएम विश्वकर्मा. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. 18 व्यवसाय, त्यात सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चर्मकार, न्हावी, धोबी, टोपल्या आणि झाडू विणणारे. कुटुंबात चालत आलेला धंदा हा या योजनेचा पाया. मूलभूत प्रशिक्षण पाच-सात दिवसांचे, अवजारांसाठी 15,000 रुपये, वर सवलतीचे कर्ज. आमच्या गरजू माणसांनी हा पैसा जरूर घ्यावा, तो कुणाच्या बापाचा नाही, जनतेचा आहे. पण योजनेमागचा विचार ओळखा. एका मुलाला शोधक म्हणून थ्रीडी प्रिंटर, दुसऱ्याला वारस म्हणून रापी आणि आरी. एकाला विचारले जाते, तुला काय व्हायचे आहे? दुसऱ्याला विचारले जाते, तुझा बाप काय करतो?

हा प्रश्न नवा नाही. 1953 साली मद्रास राज्यात राजाजींनी मुलांना अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. पेरियारांनी तिला कुलशिक्षण म्हणत रान उठवले. 1954 साली राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. सत्तर वर्षांनी, 2024 साली, त्याच तामिळनाडूच्या सरकारने विश्वकर्मा योजना आहे त्या रूपात राबवणार नाही असे केंद्राला कळवले आणि जातीची, घराण्याची अट नसलेली स्वतःची योजना काढली. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव ऊठसूट घेणाऱ्या महाराष्ट्रात यावर किती चर्चा झाली? हा प्रश्न आपण आपल्यालाही विचारू.

आता आर्किटेक्चरकडे येऊ. कॉम्प्युटेशनल डिझाइनचे सर्वांत गाजलेले प्रवक्ते म्हणजे पॅट्रिक शूमाकर. झाहा हदीद आर्किटेक्ट्स या जगप्रसिद्ध कार्यालयाचे प्रमुख. 2008 साली त्यांनी पॅरामेट्रिसिझम नावाचा जाहीरनामा मांडला: यापुढे वास्तुकलेची हीच शैली. 2016 साली बर्लिनमधल्या एका परिषदेत याच गृहस्थांनी गरिबांसाठीची सरकारी घरे बंद करा, रस्ते, चौक, बागा खासगी करा, अशी मांडणी केली. गदारोळ झाला, त्यांच्याच कार्यालयाने हात झटकले. पण आमच्या विद्यार्थ्यांना स्टुडिओत शूमाकरांचे वळणदार आकार दाखवताना हे दुसरे पान किती वेळा उघडले जाते? याच कार्यालयाने आराखडा केलेल्या कमळाच्या आकाराच्या नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर 2025 मध्ये थाटात उद्घाटन झाले. त्यासाठी दहा गावे उठली. कमळाच्या पाकळीचा कोन संगणकाने मोजला. उठलेल्या घराचा हिशेब कुठल्या प्रणालीत घातला होता?

महाविद्यालयातले वास्तव याहून साधे आणि याहून क्रूर आहे. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीने आपल्या मुलामुलीची फी भागते, तीही वर्षअखेरीला. पण आर्किटेक्चरची पाच वर्षे फीवर निघत नाहीत. ताकदीचा लॅपटॉप हवा. मॉडेलसाठी माउंटबोर्ड, ॲक्रिलिक हवे. लेझर कटिंगचा दर मिनिटावर लागतो. ऱ्हायनोसारखे सॉफ्टवेअर परवाना घेऊन विकत घ्यावे लागते. ज्युरीच्या दिवशी एका टेबलावर यंत्राने कापलेले रेखीव मॉडेल असते आणि शेजारच्या टेबलावर रात्रभर कटरने बोटे कापून घेत केलेले मॉडेल असते. गुण देणारा पहिल्याला प्रतिभा म्हणतो आणि दुसऱ्याला फिनिशिंग सुधार म्हणतो. बापाच्या खिशाला प्रतिभा हे नाव देण्याची ही जुनीच युक्ती. तिलाच ते मेरिट म्हणतात.

आणि एक ढोंग. बुरूड समाजाची बांबूची वीण संगणकात भरून, तिचे गणित काढून त्यावर पॅव्हेलियन उभे राहते. प्रदर्शन भरते, लेख येतात. वीण करणाऱ्या बाईला मजुरी मिळते, नाव मिळत नाही. तिच्या पिढ्यांनी वेताच्या कांबीत जे गणित बांधले, ते संगणकावर चढले की डिझाइन होते. तिच्या हातात असते तोवर ती हस्तकला. तिची मुलगी त्या स्टुडिओत विद्यार्थिनी म्हणून बसेल तेव्हाच हे ढोंग संपेल.

आमच्याच बाजूने एक आक्षेप येतो. बेंगळुरूत 2023 साली थ्रीडी प्रिंटरने 1,021 चौरस फुटांचे पोस्ट ऑफिस सुमारे दीड महिन्यात छापले गेले. उद्या यंत्रच भिंती बांधणार असेल तर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याने, घमेले उचलणाऱ्या मावशीने काय खायचे? प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर यंत्राला शिव्या देणे हे नव्हे. गांधींच्या यंत्रविरोधाला बाबासाहेबांनी 1945 साली दिलेले उत्तर वाचा. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून विचार करायला फुरसत देण्याची ताकद यंत्रातच आहे, दोष यंत्राला मूठभरांच्या मालकीत देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आमच्या आयाबहिणींनी डोक्यावर घमेले वाहिलेच पाहिजे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी स्वतः चार दिवस वाहून पाहावे. घमेले सुटावे, पण रोजगार सुटू नये. त्यासाठी यंत्र चालवणारा, त्याचा आराखडा करणारा आणि त्या कंपनीत भाग असणारा माणूस आपला हवा.

1942 साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या. त्याचबरोबर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ जागा मागितल्या. त्या काळातली आधुनिक यंत्रे तिथे होती. त्यांनी झाडू मारण्याच्या जागा मागितल्या नाहीत, यंत्रापाशी उभे राहण्याची जागा मागितली. आजचा छापखाना म्हणजे थ्रीडी प्रिंटर. म्हणून आमच्या मागण्याही त्याच वाटेवरच्या आहेत.

एक, 2025 च्या अर्थसंकल्पात केंद्राने पाच वर्षांत सरकारी शाळांत 50,000 अटल टिंकरिंग लॅब देण्याची घोषणा केली. त्यातल्या महाराष्ट्राच्या वाट्यातून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा आणि आदिवासी आश्रमशाळा यांना प्राधान्य द्या. नुसती यंत्रे देऊ नका, शिकवणारा पगारी माणूस द्या. कुलूपबंद लॅब आम्हाला नको.

दोन, प्रत्येक जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात सर्वांसाठी खुली फॅब लॅब उभारा. वसतिगृहातला आर्किटेक्चरचा विद्यार्थी, आयटीआयची मुलगी आणि नाक्यावरचा गवंडी एकाच टेबलावर शिकले पाहिजेत.

तीन, शिष्यवृत्तीत मॉडेल, साहित्य आणि यंत्राच्या वेळेचा खर्च धरा.

चार, 1972 च्या वास्तुविशारद कायद्याने आर्किटेक्ट ही पदवी नोंदणी झालेल्यांपुरती राखली आहे. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या आयटीआयच्या ड्राफ्ट्समनला त्या दारापर्यंत नेणारा सरळ रस्ता काढा.

पाच, आर्किटेक्चर महाविद्यालयांतील अध्यापकांची प्रवर्गनिहाय आकडेवारी जाहीर करा.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर आपण हात बांधून बसायचे नाही. ब्लेंडर, फ्रीकॅड, ओपनस्कॅड ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. ज्याला येते त्याने मराठीत धडे तयार करावेत. विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक जुना संगणक आणि एक साधा थ्रीडी प्रिंटर ठेवता येतो. जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या भिंतीला जितके पैसे जातात, त्यातल्या थोड्याशा पैशांत तो येतो. मेल किंग यांच्या वस्तीतली मुले करत तेच करा: आज शिका, उद्या धाकट्याला शिकवा.

ज्यांच्या हातांनी हा देश बांधला, त्यांच्या हातात आता आराखडाही आला पाहिजे. दुसऱ्याच्या नकाशावर आपण पुष्कळ विटा रचल्या. यापुढचा नकाशा आपण काढू, आणि घडवूही आपणच.

जय भीम!