खो दिला की घातला?

परवा आमच्या महाविद्यालयातले इतिहासाचे प्राध्यापक अचानक रजेवर गेले आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. वर्गात पाऊल टाकतो न टाकतो तोच मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, "आज पिंच हिटर आले!" वर्ग हसला, मीही हसलो. पण मराठी शिकवणाऱ्या माणसाची खोड वाईट. तास संपला तरी तो शब्द डोक्यातून जाईना.

शब्द मूळचा बेसबॉलचा. तिथे ऐन अडचणीच्या वेळी एका फलंदाजाला मागे घेऊन त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवतात, तो पिंच हिटर. ज्याला मागे घेतले त्याला अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांत त्या दिवशी पुन्हा खेळता येत नाही. आपल्याकडे हा शब्द क्रिकेटच्या गाडीत बसून आला आणि येता येता अर्ध्या वाटेत अर्थ सांडून आला. १९९२ च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा ग्रेटबॅच आणि १९९६ मध्ये श्रीलंकेचे जयसूर्या व कालुवितरणा आरंभापासूनच दणकेबाजी करू लागले, तेव्हा त्यांना हे नाव मिळाले. चालू सामन्यात ते काही कोणाच्या बदली आले नव्हते. म्हणजे मागच्या बाकावरचा तो पोरगा नकळत मूळ अर्थाच्या अधिक जवळ होता! मनातल्या मनात मी त्याला पाच गुण देऊन टाकले.

आता याला मराठीत काय म्हणावे? 'बदली' म्हटले की सरकारी हुकमाचा वास येतो, आणि 'राखीव' म्हटले की तो बिचारा बसूनच राहतो. 'अडीनडीचा गडी' मला आवडला असता, पण लांबतो. आमच्या हुडकेश्वरच्या रस्त्यावर कोणालाही विचारा, तो म्हणेल, "त्यानं तुमाले खो देल्ला, सर." झाले! एका अक्षरात काम संपले.

या खोची मात्र मोठी गंमत आहे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधून दिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाचा पहिला विश्वचषकही झाला. तेव्हा परदेशी खेळाडूही 'खो' असेच ओरडत होते. कोणाला प्रतिशब्द शोधावासा वाटला नाही. आठ गडी रांगेत आळीपाळीने उलटसुलट तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करणारा. तो बसलेल्याच्या पाठीला मागून हात लावून मोठ्याने 'खो' म्हणतो. बसलेला उठतो, धावतो. आणि खो देणारा त्याच्या जागी खाली बसतो.

मैदानात हा असा 'दिला' जातो. घरात, कचेरीत, लग्नाच्या बैठकीत मात्र तो 'घातला' जातो. मामाने लग्नात खो घातला, अमक्याच्या बढतीला खो बसला. म्हणजे अडथळा आला. या अर्थाचे आपल्याकडे इतर शब्द पाहा: खोडा, खीळ, पाचर, आडकाठी, कोलदांडा. सुताराचे अख्खे दुकान! त्यांत खो तेवढा बिनलाकडाचा. मग पुढच्याच्या हाती काम सोपवणारा शब्द काम अडवणारा कसा झाला? मला वाटते, ते कोण बोलतो यावर आहे. बसलेल्याला खो म्हणजे संधी. पळणाऱ्याला तोच खो म्हणजे विघ्न; एकाला चुकवून सुटलो म्हणावे, तो भलताच गडी समोर उभा.

हे सारे मला वर्गात सुचले असे समजू नका. घरी सुचले, आणि थोडे उशिराच.

हुडकेश्वरला आमचे दोन एकर वावर होते. आजूबाजूला ले-आऊट पडत गेले, रस्ते आले, दुमजली घरे आली. आमचे अर्धा एकर आणि विहीर तेवढी उरली. तिथे दादा वांगी आणि सांबार लावतो. गेल्या उन्हाळ्यात एका ले-आऊटवाल्याने चांगला भाव सांगितला. मुलाच्या शिक्षणाचा खर्च माझ्या डोळ्यांपुढे होता. मी कागद तयार करून आणले. दादा सही करीना. "पाहू," म्हणे, आणि मोटार सुरू करायला निघून जाई. एका संध्याकाळी मी चिडून मायजवळ म्हणालो, "दादाने माझ्या कामात खो घातला!"

माय चौथी शिकलेली. लहानपणी शाळेत खो-खो खेळायची, हे ती अजून अभिमानाने सांगते. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "घातला म्हनू नको, बाबू. त्यानं तुले खो देल्ला होता. अन् देऊन खाली बसला थो."

१९९६ मध्ये बाबा गेले तेव्हा दादा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि मी बारावीला. घरात शिकवायला पैसा एकाचाच होता. तो कॉलेज सोडून वावरात गेला, मी एम.ए. झालो. त्या दिवशी कोणी मोठ्याने काही ओरडले नाही, म्हणून मला ते ऐकू आले नसावे. घरात दाते-कर्वे यांचा शब्दकोश आहे. पण त्या रात्री तो उघडण्याची माझी छाती झाली नाही.

ले-आऊटवाल्याला मी फोन करून नाही म्हणून कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेलो. दादा वाफ्यात पाणी सोडत होता. मी कागद आणले नव्हते, हे त्याने आधी पाहिले. सांगायचे बरेच काही ठरवून गेलो होतो, पण मराठीचा प्राध्यापक धुऱ्यावर नुसता उभा राहिला.

"उभा कायले?" दादा म्हणाला. "बस ना."