ब्रेक पॅड माझे, किल्ली कंपनीची!

मंडळी, रविवारी गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलायला घेतले. जुन्या गाडीचे मी घरीच बदलायचो. पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक खाली, नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून खाली स्टँड. कॅलिपर सोडवायचा, पिस्टन फिरवत आत घालायचा, नवे पॅड बसवायचे, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबायचं. झालं काम.

नव्या गाडीत हँडब्रेकच्या जागी बटण आलंय. मागच्या कॅलिपरवर मोटर बसलीय. मेंटेनन्स मोड लावल्याशिवाय पिस्टन मागे घ्यायचा नाही. जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा मोडते. काही गाड्यांत हा मोड बटण-पेडलने लागतो. माझ्या गाडीला स्कॅनर लागतो. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एकच, "साहेब, गाडी इकडेच आणा."

ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ, मान्य. ज्याला जमत नाही त्याने हात लावू नये. पण कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं काय? त्याचा हात तयार आहे, तरी गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं. आणि खर्च ऐकून 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत झिजलेल्या पॅडवर घाट उतरणारे आपल्यातच आहेत. मग सुरक्षितता कुठे राहिली?

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच गाड्यांसाठी असा कायदा मंजूर केला.

माझी मागणी साधी आहे : हा मोड गाडीच्या स्क्रीनवर द्या, पद्धत मॅन्युअलमध्ये छापा. गाडीचे पैसे आपण पूर्ण मोजलेत ना?

तुमचा अनुभव काय? लिहा.