रंगाचं सोडा, सातबारा कुणाच्या नावावर?



आमच्या इथल्या एका मित्राची वेबसाईट गेली. बिघडली वगैरे नाही, गेलीच. तीही मे महिन्यात, जेव्हा सीबला दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही आणि एसीवाल्याला चहा प्यायला फुरसत नसते. मित्राचं मबेल्याला एसी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दोन गाड्या, पाच माणसं. साईटचा पत्ता दोन्ही गाड्यांवर रंगवलेला, बिलबुकावर छापलेला, आणि सर्व्हिस केलेल्या प्रत्येक एसीला चिकटवायच्या स्टिकरवरही. एका जुन्या गिऱ्हाइकाने स्टिकर बघून तो पत्ता टाकला तर समोर जुगाराची साईट! गिऱ्हाईक वयस्कर ओमानी, अगदी सभ्य माणूस. त्याने फोन करून एवढंच विचारलं, "हा तुमचाच धंदा का?" मित्र सांगत होता, भर उन्हात उभा होतो तरी अंगाला गार घाम फुटला.

झालं होतं ते असं. सात-आठ वर्षांपूर्वी गावाकडच्या ओळखीतल्या एका मुलाने साईट करून दिली होती. पैसे थोडेच घेतले, काम चांगलं केलं. पण डोमेन नोंदवलं ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या कार्डवर. पुढे त्याला नोकरी लागली, कार्ड बदललं, जुनी मेल बघायची सवय सुटली. यात त्याची लबाडी काही नव्हती, हे मुद्दाम लिहितोय. मुदत संपायच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, अशा किमान दोन सूचना रजिस्ट्रारने पाठवायच्या असा आयकॅनचा नियम आहे. त्या पाठवल्याही असतील, पण कोणी न उघडणाऱ्या पेटीत. बरं, मुदत संपली की डॉट कॉम दुसऱ्या दिवशी जात नाही. रजिस्ट्रार आधी काही दिवस सवलत देतो, मग ३० दिवस जादा पैसे भरून सोडवून घेता येतं, शेवटचे ५ दिवस नुसतं लटकलेलं असतं आणि मग कोणीही उचलावं. म्हणजे आमच्या मित्राचं दार तब्बल महिना-दीड महिना किलकिलं होतं. पण मालक स्वतःची साईट कशाला उघडून बघेल? वर्षाच्या देखभालीच्या कंत्राटांची विचारणा त्याच डोमेनच्या ईमेलवर यायची. ती बंद झाली, तर गड्याला वाटलं, बाजार मंदा आहे!

मी या धंद्यातला माणूस नाही, हिशेबाच्या कामातला आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण साईट करताना काय चुकतं यावर जे काही लिहिलं-बोललं जातं ते वाचून मला नवल वाटतं. रंग भडक नकोत, फोटो मोठे नकोत, मोबाइलवर नीट दिसली पाहिजे. सगळं बरोबर आहे हो. पण ही झाली घराच्या रंगाची चर्चा. डोमेन म्हणजे जमीन, होस्टिंग म्हणजे तिच्यावरचं घर, डिझाइन म्हणजे भिंतीचा रंग. आमचा मित्र रत्नागिरीचा. वीस गुंठ्यांच्या वडिलोपार्जित तुकड्यासाठी चुलतभावाशी गेली कित्येक वर्षं दावा चालू आहे, सातबाऱ्यावरची प्रत्येक नोंद तोंडपाठ. त्याच माणसाने मस्कतमधल्या आपल्या धंद्याचा सातबारा एकदाही मागितला नाही.

का मागितला नाही, तर संकोच. आपण परदेशातले लोक असली कामं भाच्याकडून, मित्राच्या मुलाकडून, नाहीतर पुण्यातल्या कोणाच्या तरी ओळखीच्या ओळखीकडून करून घेतो. स्वस्त पडतं, मराठीत बोलता येतं, आणि घरच्या पोराला दोन पैसे मिळतात याचं समाधान. मग त्याच्याकडे पासवर्ड मागायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. मला हे पटत नाही. भाच्याला दुकानाची किल्ली द्यावी, जरूर द्यावी, पण दुकानाचा भाडेकरार त्याच्या नावावर करतो का आपण? खातं आपल्या नावाने, आपल्या कार्डवर उघडावं आणि काम करणाऱ्याला त्यात शिरायची परवानगी द्यावी. आणि त्या खात्यावरची ईमेल त्याच डोमेनची नको. डोमेन मेलं की सूचना येणारी पेटीही त्याच्याबरोबर मरते.

पूर्वी हूइजवर मालकाचं नाव उघड दिसायचं. २०१८ पासून ते बहुतेक झाकलेलं असतं, म्हणून नुसतं बाहेरून बघून खात्री होत नाही, लॉगिनच हवं. मुदतीची तारीख मात्र अजूनही बहुतेक डोमेनांची कुणालाही बघता येते. हा मजकूर वाचून होईपर्यंत बघून होईल.

"एवढं कोण विसरतं" म्हणणाऱ्यांसाठी: १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली आणि लोकांना हॉटमेल उघडेना. शेवटी एका लिनक्सवाल्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. आपल्यासाठी कोण भरणार आहे?

काही जण म्हणतील, फुकटचं पान असताना डोमेनची भानगड हवीच कशाला. फुकटात मिळालेल्या जागेचं काय होतं ते आपण जिओसिटीजला २००९ साली पाहिलं. अगदी अलीकडे गूगलनेही दुकानदारांना दिलेल्या फुकट छोट्या साईट्स मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. जूनपर्यंत जुना पत्ता दुकानाच्या गूगल प्रोफाइलकडे वळवला जात होता, मग तेही थांबलं. इथल्या निम्म्या धंद्यांचं आता सगळंच इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअपवर चालतं. चालू दे, गिऱ्हाईक तिथेच आहे. पण बोर्डावर रंगवायचा पत्ता आपल्या मालकीचा असावा, एवढंच म्हणणं.

इथे धंदा रीतसर असेल तर ओमानचं डॉट कॉम डॉट ओएम सीआरचे कागद दाखवून घेता येतं. कागद कंपनीचे, त्यामुळे नावाचा घोळ आपोआप कमी. एक गंमत यावरून आठवली. डॉट कॉम लिहिताना 'सी' राहून गेला की माणूस थेट ओमानला पोचतो! २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एन्डगेम या सुरक्षा कंपनीने शोधून काढलं की नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या नावांची तीनशेहून जास्त डॉट ओएम नावं कोणीतरी अडवून ठेवली होती, अशा घाईतल्या लोकांच्या मशीनमध्ये नको ते घुसवायला. आपल्या देशाचं नाव जगभर टायपिंगच्या चुकीने घेतलं जातं, काय करणार :-)

असो. मालकीखालोखाल दुसरी चूक मला वाटते ती म्हणजे तिकडे बसून इकडची साईट करणं. पुण्यातल्या पोराला ओमानी रियालचे हजार बैसा होतात हे कुठून माहीत असणार? त्याच्या टेंप्लेटमध्ये दशांशानंतर दोनच आकडे. एका शिंप्याच्या साईटवर २.७५० चं २.७५ झालं तोवर ठीक होतं. दुसऱ्या एका ठिकाणी टिंबाचा स्वल्पविराम झाला आणि साडेतीन रियालच्या वस्तूची किंमत साडेतीन हजार रियाल! अरबीचे हाल तर विचारूच नका. फोटोशॉपमध्ये चुकीच्या पद्धतीने चिकटवलेली अरबी उलट्या क्रमाने आणि सुटी सुटी अक्षरं होऊन येते. आपल्याकडे "किती" चं "िकती" झालेलं बोर्डावर बघून आपण जसे हसतो, तसेच इथले लोक ती बघून हसतात, फक्त तोंडावर नाही. एखाद्या ओमानी सहकाऱ्याला चहाला बोलावून दहा मिनिटं दाखवलं की काम भागतं. मी स्वतः हे दोनदा केलंय, आणि दोन्ही वेळा चूक निघाली.

आणि शिळा मजकूर. इथली आठवड्याची सुटी २०१३ च्या मे महिन्यात गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आली, तरी गुरुवारी बंद असल्याचं सांगणारं पान मला अजून अधूनमधून भेटतं. कोणी "सीब एअरपोर्टजवळ" लिहितं, त्याचं नाव २००८ पासून मस्कत आहे. पत्ता म्हणून नुसती पोस्टपेटी आणि १२१ लिहिलेलं असतं, त्यावरून पत्र येईल, गिऱ्हाईक कसं येईल? नकाशावरची खूण, जवळची मशीद किंवा पेट्रोल पंप, आणि उचलला जाणारा फोन. रमजानची वेळ वेगळी द्यायला विसरणाऱ्यांबद्दल लिहायला लागलो तर आणखी एक मेल होईल.

मित्राचं काय झालं ते राहिलंच. जुन्या नावासाठी नव्या मालकाने मागितलेली रक्कम ऐकून त्याने फोन ठेवला. नवं नाव घेतलं, यावेळी कंपनीच्या नावावर, मुदतीची तारीख दुकानातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने. गाड्या पुन्हा रंगवल्या, बिलबुकं रद्दीत घातली. अडकलंय ते स्टिकरचं. सात-आठ वर्षांत अल खूदपासून बर्कापर्यंत किती घरांत चिकटवले याचा हिशेब नाही, आणि गोंद चांगल्यातला वापरला होता. सर्व्हिसला जाणारी पोरं आता सोबत खरवडायला पातं घेऊन जातात. आमच्या हॉलमधल्या एसीवरचा त्यांच्याकडून राहिला होता. तो परवा मुलीने काळ्या मार्करने खोडला.


सीब, ओमान