कानातली मैत्रीण

सुपरहिरोंच्या लव्ह लाइफबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. क्लार्कची लोइस, पीटरची मेरी जेन, बॅटमॅनचं कुणाशीच न टिकणं... पण सुपरहिरॉइनच्या मैत्रिणींचं काय हो? रात्री दोन वाजता तिचं डोकं फिरलं तर ती फोन कुणाला लावते?

बार्बरा गॉर्डनपुरतं उत्तर मी देऊ शकते. डायना लान्सला. (वंडर वुमनवाली डायना ती वेगळी. ही ब्लॅक कॅनरी. फिशनेट स्टॉकिंग्ज घालून फाइट मारणारी.) आणि ह्या दोघींच्या दोस्तीपुढे बार्बराची लव्ह स्टोरी मला अगदीच पाणचट वाटते.

बार्बरा म्हणजे बॅटगर्ल. १९६७ च्या सुरुवातीला ती कॉमिक्समध्ये आली. पोलीस कमिशनर गॉर्डनची मुलगी, दिवसा लायब्ररीत नोकरी, रात्री गच्च्यांवरून उड्या. १९८८ मध्ये ॲलन मूर आणि ब्रायन बोलंडचं ‘द किलिंग जोक’ आलं. बेल वाजते, बार्बरा दार उघडते, समोर जोकर. तो तिला गोळी घालतो आणि तिचे पाय कायमचे जातात. हे सगळं कशासाठी? तर तिच्या बाबांना वेडं करण्यासाठी! तिच्याशी त्याचं काही भांडणसुद्धा नव्हतं.

ह्या प्रसंगातली एक बारीक गोष्ट मात्र पटकन विसरली जाते. बेल वाजल्यावर बार्बराला वाटतं, समोरच राहणारी मैत्रीण आली. दोघींना त्या संध्याकाळी योगाच्या क्लासला जायचं असतं. आणि नंतर जखमी बार्बरा सापडते तीही ह्याच मैत्रिणीला. गोष्टीत तिचं काम एवढंच. नाव सांगायचं, बॉडी शोधायची, संपलं. सुपरहिरॉइनच्या मैत्रिणीला तेव्हा एवढाच भाव होता.

बार्बरालाही तिथेच सोडून दिलं असतं. पण जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल ह्या लेखक नवरा-बायकोला ते पटलं नाही. १९८९ मध्ये त्यांनी ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये एक नवीन पात्र आणलं, ओरॅकल. चेहरा नाही, पत्ता नाही, फक्त कॉम्प्युटरच्या पलीकडून मिळणारी पक्की माहिती. हीच बार्बरा, व्हीलचेअरवर. पुढे गॉथमच्या क्लॉक टॉवरमध्ये स्क्रीन्सच्या गराड्यात बसून ती अख्ख्या सुपरहिरो मंडळींची हेल्पलाइन झाली.

आणि १९९६ मध्ये तिने डायनाला कामावर घेतलं. डायनाची तेव्हा पार वाट लागली होती. बॉयफ्रेंड ऑलिव्हर, म्हणजे ग्रीन ॲरो, नुकताच मेला होता (कॉमिक्समधली माणसं जितपत मरतात तितपतच). मग सुरू झालं ‘बर्ड्‌स ऑफ प्रे’. लेखक चक डिक्सन. सेट-अप अगदी आपल्या ऑफिससारखा : एकजण फील्डवर, दुसरी हेडसेटवर. डायना कुठल्याशा देशात कुणाला तरी बुकलतेय आणि कानातला आवाज सांगतोय, डावीकडे वळ, मागे दोघं आहेत. मधल्या वेळात टिंगलटवाळी, पुरुषांबद्दल कुचुकुचू, झोपलीस का, जेवलीस का. हळूहळू कामाचं बोलणं कमी आणि बाकीचंच जास्त.

फक्त एक भानगड होती. डायनाला त्या आवाजाचं नावसुद्धा माहीत नव्हतं! ओरॅकलला डायनाचं सगळं ठाऊक आणि डायनाला ओरॅकलचं शून्य.

ही मैत्री म्हणायची का? सिक्युरिटीचं कारण होतंच, मान्य. पण मला विचाराल तर बार्बराला ते कारण सोयीचं होतं. अशी एक मुलगी प्रत्येक ग्रुपमध्ये असते की नाही बघा. कुणाचं ब्रेकअप झालं, कुणाला पैसे हवेत, कुणाच्या आईची कुठली टेस्ट आहे, सगळं तिला पाठ. रात्री-बेरात्री धावून येणारी ती. आणि ‘तुझं काय चाललंय गं?’ विचारलं की ‘मी मजेत!’, विषय बंद. आपण तिला जाम मानतो. पण तिच्या घरी कधी गेलेलो नसतो.

डायना गेली. २००० मध्ये, २१ व्या अंकात. ब्लॉकबस्टर नावाचा गुंड ओरॅकलच्या मागावर लागतो आणि ह्या वेळी वाचवायचं असतं कानातल्या आवाजाला. तेव्हा कुठे दोघी पहिल्यांदा समोरासमोर येतात. वाचकांच्या हिशेबाने चार वर्षांनी! बार्बराच्या आयुष्यातला सगळ्यात रोमँटिक सीन हाच, असं मी बिनधास्त म्हणेन.

कारण खरा रोमान्स बघा. डिक ग्रेसन, आधीचा रॉबिन, नंतरचा नाइटविंग. देखणा, हसरा, सगळ्यांचा लाडका. २००७ च्या एका वार्षिक अंकात फ्लॅशबॅक आहे : गोळी लागल्यानंतरच्या काळात हा तिच्याकडे येतो, रात्र काढतो आणि मग तिच्या हातात स्वतःच्या लग्नाची पत्रिका ठेवतो. स्टारफायरशी लग्नाची! २००६ मध्ये त्याने बार्बराला मागणीही घातली होती, पण लग्न काही झालं नाही. तरी वर्षानुवर्षं फॅन्स ह्याच जोडीसाठी जीव टाकतात. टाकू देत बापडे.

२००३ मध्ये गेल सिमोन लेखिका म्हणून आली. ही बाई आधी हेअरड्रेसर. १९९९ मध्ये तिने एक यादी केली होती, कॉमिक्समध्ये मारल्या गेलेल्या, जायबंदी केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या बायकांची. बार्बरा त्यात असणारच की. आता तीच बार्बरा तिच्या हातात आली. पण सिमोनने तिला बिचारी केलं नाही आणि देवीही केलं नाही. उलट तिची सवय बरोब्बर पकडली.

टीममध्ये आली हंट्रेस, हेलेना बर्टिनेली. दिवसा शाळेत टीचर, रात्री माफियाची कर्दनकाळ. डिकबरोबर तिचं एकदा झालेलं, त्यामुळे बार्बराशी आधीच खटका. तरी दोघींचं जमत गेलं. आणि मग हेलेनाला कळलं की बार्बरा आपल्याला गुपचूप ‘सुधारत’ होती. मारामारी कमी कर, नीट वाग, हे थेट न सांगता, तसं वळण लागेल अशी कामं आणि अशी वागणूक देऊन. हेलेना टीम सोडून गेली. भले तुझा हेतू चांगला असेल, पण मी तुझी मैत्रीण की तुझा प्रोजेक्ट? हेलेना नंतर परत आली. बार्बराला ती हवी होती, आणि ह्या वेळी ते लपवून चालणार नव्हतं.

डायनाचं जाणं वेगळं. २००६ मधल्या ९९ व्या अंकात ती सिन नावाच्या मुलीला वाढवायचं म्हणून टीम सोडते. भांडण नाही, खलनायक नाही. कॉमिक्समध्ये इतका साधा निरोप मी क्वचित वाचलाय. दहा वर्षं जिच्या कानात बोललो, तिला ‘थांब’ म्हणता येत नाही. सगळ्या जगाची माहिती गोळा करणाऱ्या बाईला तिथे काही करण्यासारखंच उरत नाही.

नंतर २०११ मध्ये डीसीने सगळी पाटी कोरी केली. बार्बरा पुन्हा चालायला लागली, पुन्हा बॅटगर्ल झाली आणि ओरॅकलच्या व्हीलचेअरवर प्रेम करणारे वाचक भडकले. मला जास्त लागलं ते दोघींचा जुना इतिहास पुसला गेला ते. २०२० च्या सिनेमात तर बार्बरा नव्हतीच. कॅनरी होती, हंट्रेस होती, आणि जिने टीम जमवली तीच गायब!

पण २०२३ मध्ये केली थॉम्प्सनने ‘बर्ड्‌स ऑफ प्रे’ नव्याने सुरू केलं. सिनला सोडवायचं असतं. डायना एकेकीला गाठून टीम जमवते आणि बार्बराला मात्र बाहेर ठेवते. मुद्दाम. तिच्याच जिवाच्या काळजीने, तिच्या भल्यासाठी!

पुढे बार्बरा टीममध्ये आलीच म्हणा. पण तोवर ही एक मोहीम अशी झाली, की जिच्यात डायनाला सगळं माहीत होतं आणि बार्बराला काहीच नाही.