मसूरचे स्टेशन आणि आश्रयाचा अर्ज

सन १९०१. साताऱ्याहून आलेली काही मुले मसूरच्या स्टेशनावर उतरतात. वडील कोरेगावला खजिनदार आहेत, त्यांच्याकडे निघालेली. (छापील इंग्रजी लेखात हे गाव खटाव तालुक्यातले 'कोरेगाव' आहे, चरित्रांत तेच 'गोरेगाव' होते.) कपडे नीटनेटके, बोलणे स्वच्छ. स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने चौकशी करतो. मग विचारतो, तुम्ही कोण? भीमराव नावाचा मुलगा खरे सांगून टाकतो: महार. मास्तरचा चेहरा क्षणात पालटतो.

पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. दुप्पट भाडे देऊन मिळालेली बैलगाडी रात्री टोलनाक्यावर पोहोचते. डब्यात अन्न आहे, पाणी नाही. गाडीवान सुचवतो: मुसलमान आहोत असे सांगा. मुले तसे सांगतात. तरीही पाणी मिळत नाही. मुले उपाशी झोपतात. डॉ. आंबेडकरांनी हे ज्या लेखात लिहिले त्याचे शीर्षक 'वेटिंग फॉर अ व्हिसा'.

आता आश्रय कायद्याकडे. १९५१ च्या निर्वासित करारात लैंगिक कलाचा उल्लेख नाही. 'विशिष्ट सामाजिक गट' या शब्दांतून समलैंगिकांना संरक्षण मिळत गेले. पण अनेक वर्षे न्यायाधिकरणे अर्जदाराला त्या गाडीवानाचाच सल्ला देत होती: मायदेशी परत जा, लपून राहा, कोणाला कळणार आहे? फरक एवढाच की गाडीवान निदान तहानलेल्या मुलांच्या काळजीने बोलत होता. ब्रिटनमध्ये या युक्तिवादाला 'सुसह्य' असे गोंडस विशेषण होते. लपवणे सुसह्य असेल तर आश्रय नाही. ७ जुलै २०१० रोजी ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने इराण व कॅमेरूनच्या दोन पुरुषांच्या खटल्यात ही कसोटी मोडीत काढली. छळाच्या भीतीने लपणारा माणूस सुरक्षित नसतो, तो छळाचाच बळी असतो, हे मान्य व्हायला इतका वेळ लागावा, ही त्या न्यायव्यवस्थेची शोभा नव्हे.

लपण्याचा सल्ला गेला, तर संशय आला: तुम्ही समलैंगिक आहात हेच सिद्ध करा. चेकियात अर्जदारांची शारीरिक उत्तेजना यंत्राने मोजली जात असे. २ डिसेंबर २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने अशा चाचण्या, खासगी कृत्यांच्या चित्रफिती व शय्यागृहातील तपशिलांची उलटतपासणी निषिद्ध ठरवली. उशिरा सांगितले म्हणून खोटे, हा निष्कर्षही नाकारला. २०१८ मध्ये हंगेरीतल्या एका नायजेरियन अर्जदाराच्या खटल्यात चित्रे दाखवून कल ठरवणारी मानसशास्त्रीय कसोटीही बाद झाली.

खोटे अर्ज येतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु खोटे अर्ज धर्म व राजकारणाच्या नावानेही येतात. तेथे अधिकारी कथनातील सुसंगती तपासतो, मायदेशाची माहिती ताडून पाहतो. जी पद्धत तेथे पुरते, ती येथे का पुरू नये?

आणि महाराष्ट्राचा यात काय संबंध? १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ येथे ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत संमतीच्या संबंधांनाही लागू होते. समलैंगिकतेसह लैंगिक प्रश्नांवरील वाचकांच्या पत्रांना उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला. बाजू मांडायला उभे राहिले मसूरच्या स्टेशनावर खरे बोललेले तेच भीमराव. कर्व्यांना दंड झाला.

२०१४ मध्ये ब्रिटनच्या अप्पर ट्रिब्युनलने भारतीय समलैंगिक पुरुषांविषयी मार्गदर्शक निर्णय दिला. त्याचा मथितार्थ असा की गावात धोका असला तरी सामान्यतः मोठ्या शहरात स्थलांतर करता येते. कागदावर कोरेगाव ते मुंबई हे अंतर काही तासांचे. पण नातेवाईक त्याच शहरात असतात, खोली पाहताना घरमालक आडनाव व लग्न दोन्ही विचारतो, आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलाला त्या शहरातील आधारगटांचा पत्ताही ठाऊक नसतो. 'सामान्यतः' या शब्दात हा मुलगा बसतो की नाही, हे प्रत्येक प्रकरणात तपासायला हवे. नुसते शहराचे नाव लिहून अर्ज फेटाळणे म्हणजे तपासणी नव्हे. टोलनाकेवाल्यानेही मुलांना पाणी कुठे आहे ते सांगितले होतेच: टेकडीवर.